शिराझच्या तीन बाटल्या आणि कुळागरातली मिरी

गोव्यात सावई-वेऱ्याला आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींवर मिरीच्या वेली चढल्या आहेत. मिरी वाळत घातली की अंगणभर वास सुटतो. तोच वास एकदा मला ग्लासातून आला. पणजीच्या एका हॉटेलात जेवण वाढायचं काम शिकत होते तेव्हाची गोष्ट. वाइन फ्रान्सची होती, द्राक्ष शिराझ. पुढे त्याच द्राक्षाची ऑस्ट्रेलियन वाइन चाखली, तर मिरीचा मागमूस नाही. सगळं पिकलेलं जांभूळ आणि काकवी. तेव्हापासून दरवर्षी थंडीत दादा, वहिनी आणि दोन-तीन मैत्रिणींना घेऊन मी याच द्राक्षाच्या, तीन प्रदेशांतल्या तीन बाटल्या तुलनेला मांडून बसते. बाटल्यांचे पैसे आम्ही वाटून घेतो, कारण बाहेरची वाइन एकटीच्या खिशाला जड जाते.

पहिली बाटली फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली, दुसरी ऑस्ट्रेलियाच्या बारोसातली, तिसरी नाशिकची. फ्रेंच बाटलीवर द्राक्षाचं नाव बहुधा नसतंच, गावाचं किंवा भागाचं असतं. क्रोझ-एर्मिटाज किंवा सँ-जोसेफ शोधा. कोर्नास मिळाली तर उत्तमच, तिथे नियमानेच फक्त हे एक द्राक्ष वापरतात. नुसतं ‘कोत द्यु ऱ्होन’ लिहिलेली घेऊ नका, त्यात बहुधा ग्रेनाश हे दुसरं द्राक्ष मिसळलेलं असतं. फ्रान्समध्ये या द्राक्षाला सिराह म्हणतात, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे शिराझ. ते इराणच्या शिराझ शहरातून आलं ही गोष्ट दुकानदार अजूनही सांगतात, पण 1998 मध्ये डीएनए तपासणीत त्याचे आईबाप सापडले. द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लाँश, दोन्ही आग्नेय फ्रान्सची. ऑस्ट्रेलियात त्याच्या काड्या जेम्स बस्बी यांनी 1832 मध्ये नेल्या.

तिन्ही बाटल्यांवर लिहिलेल्या सालांत दोन-तीन वर्षांहून जास्त अंतर नको, नाहीतर तुम्ही प्रदेशाऐवजी वय तपासत बसाल.

आता तापमान, कारण गोव्यात सगळं इथेच बिघडतं. माझी पहिली बैठक मात्र मी मे महिन्यात भरवली होती. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य पाठ होतं. ती खोली युरोपातली, हे कोणी सांगितलं नव्हतं. बत्तीस अंशांत बारोसाच्या ग्लासातून हुर्राकसारखा, म्हणजे काजूच्या दारूसारखा, नुसता भपका आला आणि वहिनीने ग्लास बाजूला सारला. म्हणून बादलीत अर्धं बर्फ, अर्धं पाणी घ्या आणि बाटल्या गळ्यापर्यंत बुडवून पंधरा मिनिटं ठेवा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर 16 ते 18 अंश बघा. तिन्ही सारख्याच गार हव्यात. एक गार आणि एक कोमट असेल तर तुलनेला अर्थ नाही.

ग्लास एकाच आकाराचे घ्या आणि आधी वास घेऊन बघा. पावसाळ्यात कपाटातल्या ग्लासांना कोंदट वास धरतो, तो धुऊन काढा. त्या संध्याकाळी अगरबत्ती नको, मासे तळणं नको, आणि कितीही जीव असला तरी केसांत जाईचा गजरा नको. वहिनीला हे पटवायला मला दोन वर्षं लागली.

चाखणाऱ्यांना बाटल्या दिसता कामा नयेत. कागदात गुंडाळणं पुरत नाही, आकारावरून आणि फिरकीच्या झाकणावरून ओळखू येतं. एकाने आत स्वयंपाकघरात ओतावी, ग्लासांवर 1, 2, 3 चिकटवावेत आणि ट्रेमधून आणावेत. माणशी प्रत्येकीतली 50 मिली खूप झाली. सहाजणांत 300 मिली संपते, उरलेली जेवणाला.

आधी तिन्हींचा फक्त वास घ्या. बोलू नका, कागदावर लिहा. शब्द आपल्या घरातले वापरा: जांभूळ, करवंद, आमसूल, सुकं खोबरं, जायफळ, ओली माती. आम्ही मध्ये एका वाटीत ठेचलेली मिरी ठेवतो. मिरीचा वास ज्यातून येतो तो रोटंडोन नावाचा पदार्थ शिराझमध्येही असतो. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी तो 2008 मध्ये ओळखला. थंड प्रदेशातल्या द्राक्षात तो जास्त राहतो, म्हणून ऱ्होनच्या ग्लासात मिरी बहुधा आधी सापडते. मात्र साधारण पाचातल्या एका माणसाच्या नाकाला रोटंडोन कळतच नाही. आमच्या दादाला वाटीतल्या मिरीचा वास येतो, कारण तिच्यात इतरही सुगंधी द्रव्यं असतात, पण ग्लासात ती त्याला कधीच सापडली नाही. तुमच्या घरातही असं कोणी निघालं तर त्याला चुकीचं ठरवू नका.

मग घोट. एकदा 1-2-3 आणि परत 3-2-1, कारण आधीची चव पुढचीला रंग देते. मध्ये साध्या उंड्याचा, म्हणजे पावाचा, तुकडा आणि पाणी. तीन गोष्टी बघा. गालांच्या कडेला पाणी सुटतं का, म्हणजे आंबटपणा. हिरड्या काजूच्या बोंडूसारख्या आखडतात का, म्हणजे तुरटपणा. गिळल्यावर घसा किती तापतो, म्हणजे अल्कोहोल. उन्हात द्राक्षाची साखर वाढते आणि आम्ल घटतं; म्हणून बारोसाची वाइन भरदार, मऊ, 14-15 टक्क्यांची, आणि ऱ्होनची सडपातळ, आंबटसर.

नाशिकचं गणित वेगळंच आहे, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. तिथे वेल थंडीत झोपत नाही. शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, पावसाळा सरता सरता फळासाठीची गोडी छाटणी, आणि घड जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. म्हणजे द्राक्ष थंड रात्रींत वाढतं आणि उन्हं तापू लागताना पिकतं. नाशिकजवळच्या दिंडोरीच्या शिराझमध्ये मला जांभूळ आणि हलकी मिरी एकदम मिळते, दोघींच्या मधली.

एका चकव्यापासून सावध. ग्लासात सुकं खोबरं आणि व्हॅनिला आला तर ते प्रदेशाचं नव्हे, अमेरिकन ओकच्या पिंपाचं देणं. बारोसात अशी पिंपं जुन्या काळापासून वापरतात, त्यामुळे तोच तिथल्या मातीचा वास असं मीही बरीच वर्षं समजत होते.

नावं उघडा ती सगळ्यांचं लिहून झाल्यावरच. अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची तिखट आमटी, मग वाढा. तिखट जिभेवर तुरट वाइन आणखी टोचते. उरलेल्या बाटल्या बुचं लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घ्या. आदल्या रात्री गप्प बसलेली ऱ्होनची बाटली आमच्याकडे दोनदा दुसऱ्या दिवशीच मोकळी झाली. पुढच्या बैठकीत मी एकाच प्रदेशाच्या, पण दोन वेगळ्या उत्पादकांच्या बाटल्या ठेवणार आहे, म्हणजे कुठला गुण गावाचा आणि कुठला करणाऱ्याच्या हाताचा ते कळेल. दोन्ही नाशिकच्याच घेणार.