चष्म्याच्या पाटीवरची ‘माता’

खडे बाजारात आमचं चष्म्याचं दुकान. भाचा बोटीवर असतो. त्याने इंडोनेशियातल्या एका दुकानाच्या पाटीचा फोटो धाडला: ‘काचामाता’, म्हणजे चष्मा. खाली लिहिलं होतं, "मामा, हे आपलंच की!"

असा ओळखीचा शब्द भेटला की पहिल्यांदा त्याचे तुकडे पाडा. काचा म्हणजे काच, माता म्हणजे डोळा. आता दोघांची चौकशी वेगवेगळी.

‘माता’ची चौकशी तिच्या शेजारपाजारी करा. इंडोनेशियाची भाषा जिच्यातून घडली ती मलय, फिलिपिन्समधली टागालोग, सामोआ बेटांवरची सामोअन, न्यूझीलंडमधली माओरी, सगळीकडे डोळ्याला माता. हवाईत मात्र माका. इथे थांबून आणखी जोड्या शोधा: माओरीतला ‘तापू’ (म्हणजे निषिद्ध) हवाईत ‘कापू’, माणूस ‘तांगाता’ तो ‘कानाका’. ‘त’चा ‘क’ असा नेमाने होत असेल तर ती भावंडं पक्की. आपली आई ‘माता’ त्या घरातली नाही. आमचं कानडी गिऱ्हाईक "ओंदु मातु" म्हणतं तेव्हा त्याला काहीतरी बोलायचं असतं. तो ‘मातु’ही निराळाच. नुसत्या कानावर भरवसा ठेवून मी पूर्वी अशी बरीच नाती जुळवली आणि वहीतली पानंच्या पानं खोडावी लागली.

‘काचा’ मात्र खरंच आपल्याकडची, संस्कृत ‘काच’. उसना शब्द वाटला की तो गेला कुठल्या वाटेने ते बघा. बोर्निओत कुताईला मूलवर्मन राजाचे संस्कृत शिलालेख आहेत, इ.स. 400च्या सुमाराचे. शब्द गेला तरी अर्थ जागचा हलतो, हेही ध्यानात असू द्या. आपलं कपाळ तिकडे ‘कपाला’ होऊन अख्खं डोकं झालं, स्वामीचा ‘सुआमी’ म्हणजे नवरा, आणि दोषाचा ‘दोसा’ म्हणजे पाप.

माझ्या वहीत एक रकाना भावंडांचा, दुसरा उसन्या शब्दांचा. तिसरा रकाना मला सगळ्यांत आवडतो: शब्द वेगळे, कल्पना एक. मलयमध्ये झऱ्याला ‘माता आयर’ म्हणतात, पाण्याचा डोळा. फारसीत चश्म म्हणजे डोळा आणि चश्मा म्हणजे झरा. आपला चष्मा त्याच चश्मचा. या दोन भाषांत रक्ताचं नातं काही नाही, तरी जमिनीतून पाझरणारं पाणी बघून दोन्हीकडच्या माणसांना डोळाच आठवला.

परवा त्याच रकान्यात मलेशियातला ‘चर्मिन माता’ लिहिला. तोही चष्माच, चर्मिन म्हणजे आरसा. आमच्या पाटीवर कानडीत ‘कन्नडक’ आहे, आणि कानडीत आरशाला म्हणतात कन्नडी.