पोर्तुगालला राहायला जाण्याची तयारी कशी करावी

पोर्तुगालला राहायला जायचे ठरले की घरातली पहिली चर्चा बहुधा बॅगांच्या वजनाची असते. प्रत्यक्षात बॅगा शेवटच्या आठवड्यातही भरता येतात. वेळ खातात ते कागद, आणि त्यातही कागदांवरची नावे. म्हणून निघण्याच्या किमान सहा ते आठ महिने आधी कपाटातली फाईल बाहेर काढावी.

तत्पूर्वी आपण कोणत्या व्हिसावर जाणार हे निश्चित करावे. पर्यटक म्हणून उतरायचे, काम शोधायचे आणि मग तिथेच अर्ज करून नियमित व्हायचे, हा मार्ग पोर्तुगालने जून २०२४ मध्ये बंद केला आहे. तो अजून उघडा असल्याचे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला तिथूनच परत पाठवावे. निवृत्तिवेतन किंवा भाडे यांसारखे नियमित उत्पन्न असणाऱ्यांसाठी डी-७, पोर्तुगालबाहेरच्या कंपनीचे काम तिथे बसून करणाऱ्यांसाठी डी-८ आणि शिक्षणासाठी डी-४ हे व्हिसाचे प्रमुख प्रकार आहेत. उत्पन्नाची अट तिथल्या किमान वेतनाला जोडलेली असते. २०२५ साली ते महिना ८७० युरो होते. डी-७ साठी अर्जदाराला निदान तेवढे आणि डी-८ साठी त्याच्या चौपट उत्पन्न दाखवावे लागते. हा आकडा बदलत राहतो, तेव्हा अर्जाच्या वर्षाचा आकडा पाहूनच हिशेब मांडावा. ज्यांच्या आई-वडिलांचा जन्म १९६१ पूर्वीच्या गोव्यात झाला आहे त्यांचा नागरिकत्वाचा मार्ग वेगळा आहे. मात्र ते नागरिकत्व स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपते, हे त्यांनी आधी ध्यानात घ्यावे.

आता कागद. जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, पदवी प्रमाणपत्र आणि पारपत्र टेबलावर शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकावरचे नाव अक्षर न अक्षर जुळवून पाहावे. आपल्याकडच्या अडचणी ठरलेल्या असतात. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यात आईचे व वडिलांचे नाव असते, पण बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून दिलेली असते आणि दाखल्यावर तारीख असते आश्विनातली. लग्नानंतर बदललेले नाव पारपत्रावर एक, पदवीवर दुसरे. हे सारे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात काही खटकत नाही. परदेशी अधिकाऱ्याला मात्र ती दोन वेगळी माणसे वाटतात. कोऱ्या रकान्यात नाव भरून घेण्यासाठी जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि नावातील बदलासाठी राजपत्रातील प्रसिद्धी हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. या दोन्ही कामांना महिने लागू शकतात.

नावे जुळली की दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याची परदेशात मान्य होणारी सरकारी मोहोर, घ्यावे. भारत २००५ पासून या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने दूतावासाच्या वेगळ्या शिक्क्याची गरज उरत नाही. आधी राज्य शासनाच्या संबंधित विभागाकडून दाखला प्रमाणित होतो आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते. मराठीतील दाखल्यांचे प्रमाणित भाषांतरही सोबत जोडावे. इथे क्रम चुकवू नये. पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र साधारणपणे तीन महिन्यांच्या आतले लागते. ते उत्साहाच्या भरात सर्वांत आधी काढले, तर बाकीचे कागद तयार होईपर्यंत शिळे होते. ते शेवटी काढावे.

व्हिसा मिळतो तो चार महिन्यांचा आणि दोन प्रवेशांचा. त्या मुदतीत तिथल्या आयमा या स्थलांतरितांचे काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयात निवास परवान्यासाठी हजर व्हावे लागते. याशिवाय लागतो तो ‘निफ’, म्हणजे तिथला कर क्रमांक. आपल्याकडे पॅनवाचून जसे अडते तसे तिथे निफवाचून घर, बँक खाते, विजेची जोडणी असे सगळेच अडते. तो प्रतिनिधीमार्फत भारतातूनही काढता येतो आणि तसाच काढलेला बरा.

घर पाहताना छायाचित्रातल्या निळ्या टाइल्सवर भाळू नये. लिस्बन आणि पोर्तो या शहरांतल्या जुन्या घरांत हिवाळ्यात उबेची सोय बहुधा नसते आणि पाऊस नेमका हिवाळ्यातच पडतो. जानेवारीत कपाट भिंतीपासून जरा सरकवले की मागे काळ्या बुरशीचे ठिपके दिसतात, चामड्याच्या चपलांवर पांढरा थर येतो. कोकणातल्या आषाढाची आठवण यावी, फक्त थंडीसह. म्हणून घराचे तोंड दक्षिणेकडे आहे का, हे जरूर विचारावे. अनामत रकमेखेरीज घरमालक स्थानिक जामीनही मागू शकतो, त्यामुळे काही महिन्यांचे भाडे हाताशी ठेवावे.

मागे राहणाऱ्या व्यवहारांची घडी जाण्याआधीच बसवावी. बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे खाते, करून घ्यावे. घर किंवा जमिनीचे काम पाहण्यासाठी विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र द्यावे. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारशाने आलेली ठेवता येते. तेव्हा सातबाऱ्यावरची वारसनोंद राहिली असेल तर ती आताच उरकावी. भारतीय सिमकार्ड चालू ठेवून त्यावर परदेशात संदेश येतील याची खात्री करावी, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येणार असतो.

भाषेला घाबरू नये. चावी, साबण, बटाटा, पगार, लिलाव, घमेले हे शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतले आहेत. फक्त तिथे चावीला ‘शाव’ म्हणतात. अर्ज भरण्यापुरती आणि दवाखान्यात बोलण्यापुरती पोर्तुगीज निघण्यापूर्वी शिकता येते.

आता बॅग. तूप, पेढे, श्रीखंड आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून नेण्यास मनाई आहे. हापूस आणि ताजा कढीपत्ता वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. गोडा मसाला व्यवस्थित बंद करून न्यावा. डाळी-तांदळाने वजन वाढवू नये, कारण लिस्बनच्या मार्तिम मोनिझ भागातल्या दुकानांत ते मिळतात. वीजदाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट असल्याने मिक्सर चालतो, पण आपली तीन गोल पिनांची वायर तिथल्या दोन पिनांच्या खोबणीत बसत नाही. चांगल्या प्रतीचे दोन ॲडॉप्टर इथूनच घ्यावेत, आणि कागदांची फाईल मात्र मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.