स्प्रिंटचा सराव : नवोदित धावपटूंनी या चुका टाळाव्यात

शंभर मीटरच्या दहा धावा, प्रत्येक धावेनंतर चालत परत येण्यापुरती विश्रांती आणि शेवटी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणे. वेगाचा सराव कसा करतोस, असे नवोदित धावपटूला विचारले तर बहुधा हेच उत्तर मिळते. या सरावाने दम वाढतो, चिकाटीही वाढते. वाढत नाही तो वेग. नवशिक्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे, कारण दमलो म्हणजे सराव चांगला झाला ही समजूत लांब पल्ल्याच्या धावण्यातून आलेली आहे आणि स्प्रिंटला, म्हणजे कमी अंतराच्या वेगवान धावेला, ती लागू पडत नाही.

पूर्ण ताकदीने धावताना पहिल्या काही सेकंदांत स्नायू मुख्यतः क्रिएटिन फॉस्फेटच्या, म्हणजे स्नायूतच असलेल्या झटपट ऊर्जेच्या, साठ्यावर चालतात. हा साठा साधारण 6 ते 10 सेकंदांत बराचसा संपतो आणि भरून यायला काही मिनिटे घेतो. तो भरण्याआधीच पुढची धाव सुरू केली, तर शरीर कमी वेगाने धावते आणि त्याच कमी वेगाची सवय मज्जासंस्थेला लागते. त्यामुळे जोराच्या धावेत प्रत्येक 10 मीटरमागे सुमारे 1 मिनिट विश्रांती, असा ढोबळ हिशेब धरला जातो. 30 मीटरच्या धावेनंतर 3 मिनिटे नुसते फिरत राहणे नवोदितांना वेळेचा अपव्यय वाटतो आणि बघणाऱ्यांना आळस. तरीही ती विश्रांती घ्यावी. पहिल्या काही महिन्यांत एका दिवशी जोराने धावलेले एकूण अंतर 200 ते 300 मीटरपर्यंत पुरेसे असते आणि अशा दोन दिवसांमध्ये किमान 48 तासांचे अंतर हवे. थांबायचे केव्हा, याची खूणही सोपी आहे. 30 मीटरची वेळ त्या दिवशीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा स्पष्टपणे घसरू लागली, की उरलेल्या धावा रद्द कराव्यात. 400 मीटरच्या धावपटूला दम वाढवणाऱ्या धावांची गरज असतेच, पण त्यांचा दिवस वेगळा ठेवावा.

लांब ढांगेचा मोह

दुसरी मोठी चूक डोळ्यांना दिसते, पण धावणाऱ्याला कळत नाही. वेग वाढवायचा म्हणून तो पाऊल शरीराच्या बरेच पुढे फेकतो. जमिनीला टेकणारे पाऊल कमरेच्या खूप पुढे पडले, की ते प्रत्येक वेळी ब्रेकसारखे काम करते, शिवाय मांडीच्या मागच्या स्नायूवर, म्हणजे हॅमस्ट्रिंगवर, नको इतका ताण येतो. उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटरचा 9.58 सेकंदांचा विक्रम सुमारे 41 पावलांत केला, हे ऐकून ढांग वाढवू पाहणारे बरेच जण भेटतात. बोल्टची उंची 1.95 मीटर आहे, हा एक भाग झाला. पण त्याची लांब ढांग हा जमिनीला जोरात मागे ढकलल्याचा परिणाम होता, हे अधिक महत्त्वाचे आहे. पाय हवेत पुढे ताणून ती ढांग मिळत नाही.

ही चूक तपासण्यासाठी 30 ते 40 मीटरच्या खुणेजवळ, ट्रॅकच्या बाजूला कोणाला तरी मोबाइल घेऊन उभे करावे आणि संथ गतीत चित्रीकरण करावे. पाऊल टेकताना ते गुडघ्याच्या पुढे जाऊन नडगी तिरपी दिसली, टाच आधी आपटत असली किंवा धप्प असा आवाज येत असला, तर ढांग गरजेपेक्षा लांब आहे. अशा वेळी ‘पाय मागे घे’ अशी सूचना फारशी उपयोगी पडत नाही. गुडघा समोर वर आणून पाऊल वरून खाली, कमरेच्या जवळपास खाली टेकवायचे, एवढेच एक लक्ष्य द्यावे. जमिनीवर ठरावीक अंतराने खुणा मांडून त्यांवरून धावल्यासही फरक पडतो. याउलट काही जण चवड्यावर धावायचे म्हणून बॅले नर्तकासारखी बोटे खाली रोखून धावतात. त्यात घोटा सैल पडतो आणि जमिनीतून परत मिळणारी उसळी वाया जाते. पाऊल टेकण्याआधी बोटे किंचित वर ओढलेली आणि घोटा घट्ट असावा.

ए-स्किप (गुडघा उचलत उड्या मारत पुढे जाणे), हाय नी (गुडघे उंच उचलत धावणे) यांसारखे ड्रिल्स, म्हणजे तंत्राचे छोटे व्यायाम, वॉर्म-अपसाठी आणि शरीराची ठेवण शिकण्यासाठी चांगले आहेत. मात्र चाळीस मिनिटे ड्रिल्स आणि दहा मिनिटे धावणे, असा सराव करणारे ड्रिल्समध्येच तरबेज होतात.

सुरुवात बिघडते कुठे

माझ्या मते पहिले काही आठवडे स्टार्टिंग ब्लॉकला, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवून ढकलायच्या ठोकळ्यांना, हात लावू नये. उभ्याने किंवा एक हात जमिनीवर टेकवून सुरुवात केली, तरी पुढे झुकून ढकलायचे कसे, हे शिकता येते. ब्लॉक वापरायला लागल्यावर पुढचा ब्लॉक रेषेपासून साधारण दोन पावले आणि मागचा तीन पावले अंतरावर लावून पाहावा. इथे पाऊल म्हणजे स्वतःच्या तळव्याची लांबी. सुरुवात करून देणाऱ्याने ‘सेट’ (तयार) म्हटल्यावर कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर, पुढच्या गुडघ्यात सुमारे 90 अंशांचा आणि मागच्या गुडघ्यात 120 ते 130 अंशांचा कोन, ही सर्वसाधारण ठेवण आहे. पहिल्याच पावलाला तोल जाऊन अडखळायला होत असेल, तर बहुधा हातांवर जास्त भार आहे किंवा कंबर फार वर आहे. याउलट पहिल्या पावलालाच शरीर सरळ उभे होत असेल, तर कंबर फार खाली असण्याची किंवा ब्लॉक रेषेच्या फार जवळ असण्याची शक्यता तपासावी. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते समजत नाही.

टीव्हीवर पाहून हनुवटी छातीला चिकटवत 30 मीटरपर्यंत वाकून धावण्याची अलीकडची हौसही टाळावी. जो तितक्या जोराने ढकलू शकत नाही, त्याचे शरीर आधीच सरळ होते आणि ते योग्यच असते. बंदुकीच्या आवाजाचा अंदाज बांधून निघण्याची सवयही लावू नये. आवाजानंतर 0.1 सेकंदाच्या आत झालेली हालचाल चुकीची सुरुवात धरली जाते आणि 2010 पासून पहिल्याच चुकीला धावपटू बाद होतो. 2011 मध्ये देगू येथील विश्वविजेतेपद स्पर्धेत 100 मीटरच्या अंतिम फेरीतून खुद्द बोल्ट असाच बाद झाला होता.

शेवटच्या 30 मीटरमध्ये मागे पडतो, ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते. या टप्प्यात सगळ्यांचाच वेग उतरतो. बर्लिनच्या धावेत बोल्टचा वेग 60 ते 80 मीटरच्या दरम्यान सर्वाधिक होता आणि नंतर किंचित घटला. पुढे निघून गेल्यासारखा दिसणारा धावपटू बहुतेक वेळा इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो. जोर लावण्याच्या नादात दात आवळले, खांदे कानांकडे चढले आणि हात छातीसमोर आडवे फिरू लागले, की वेग आणखी लवकर पडतो. चित्रीकरणात हे दिसले, तर जबडा आणि बोटे सैल ठेवून, 90 ते 95 टक्के जोराने 60 मीटरच्या धावा घ्याव्यात.

दुखापतींबाबत थोडक्यात सांगायचे, तर धावण्याआधी एकाच स्थितीत मिनिटभराहून अधिक वेळ स्नायू ताणून धरू नयेत. हलके धावणे, पाय झुलवणे आणि हळूहळू वाढवत नेलेल्या दोन-तीन धावा अधिक उपयोगी ठरतात. मांडीमागे अचानक कळ आली, तर तिथेच थांबावे आणि तो भाग ताणून पाहू नये. दुखणे थांबल्यानंतरही स्नायूची ताकद परत यायला वेळ लागतो, त्यामुळे घाईने परतणाऱ्याला तीच दुखापत पुन्हा होते. नडगी दुखू लागली, तर स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), कडक पृष्ठभाग आणि अंतर यांपैकी नुकतेच काय वाढवले, हे आधी आठवावे.

एक तक्रार मात्र चूक नसतानाही उद्भवते. सरावात मित्राने स्टॉपवॉचवर 11.7 सेकंद नोंदवले आणि स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक यंत्राने 11.95 दाखवले, की धावपटूला आपला वेग गेल्याची धास्ती वाटते. हाताने घेतलेली वेळ 100 मीटरमध्ये साधारण 0.24 सेकंदाने कमी भरते आणि त्यात सरावाच्या दिवशी पाठीमागून वारा असेल, तर फरक आणखी वाढतो. हे माहीत नसलेला धावपटू दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर येतो आणि शंभर मीटरच्या दहा धावा पुन्हा सुरू करतो.