पेंटबॉल मार्कर हवा जास्त खात असेल तर

टाकी काठोकाठ भरून मैदानात उतरावे आणि दुसऱ्याच फेरीच्या मध्यावर गोळ्या निम्म्या अंतरावर पडू लागाव्यात, असा अनुभव आला की बहुतेक खेळाडू लगेच मार्करचे, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीचे, स्क्रू फिरवायला घेतात. माझा आग्रह असा की, स्क्रूला हात लावण्यापूर्वी हवा नेमकी कुठे जाते ते मोजून पाहावे. हवा तीनच वाटांनी कमी पडते: ती टाकीत मुळातच कमी भरली गेलेली असते, गोळी न झाडताही गळत असते, किंवा प्रत्येक गोळीमागे गरजेपेक्षा जास्त खर्च होत असते. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एका दोषाचा उपाय दुसऱ्यावर केला तर बरा चालणारा मार्करही बिघडतो.

आधी अपेक्षा ठरवून घ्यावी. ४८ घनइंच, ३००० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) टाकीतून साधारण ४०० ते ५०० गोळ्या आणि ६८ घनइंच, ४५०० पीएसआयच्या टाकीतून हजार-बाराशे गोळ्या निघत असतील, तर मार्कर ठीक आहे असे समजावे. काही मार्कर याहून बरेच काटकसरी असतात. मात्र तुलना आपल्या जातीच्याच मार्करशी करावी. पॉपेट व्हॉल्व्हच्या मार्करमध्ये हॅमरचा, म्हणजे आतल्या सरकत्या ठोकळ्याचा, फटका बसला की व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि बरीचशी हवा थेट गोळीमागे जाते. स्पूल व्हॉल्व्हमध्ये बोल्ट, म्हणजे गोळी पुढे ढकलणारा दांडा, हाच व्हॉल्व्ह असल्याने त्याला पुढेमागे सरकवण्यातही हवा खर्ची पडते. तर साध्या यांत्रिक ब्लोबॅक मार्करमध्ये हॅमर पुन्हा मागे नेण्यासाठी प्रत्येक वेळी थोडी हवा लागतेच. शिवाय टाकीचा रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी करणारा भाग, बहुधा ८०० पीएसआयच्या आसपास दाब पुढे सोडतो, त्यामुळे टाकीतला दाब त्या आकड्याजवळ आला की गोळीचा वेग ढासळू लागतो. म्हणजे ३००० पीएसआयच्या टाकीतले खेळण्याजोगे फक्त २२०० पीएसआय असतात, हे हिशेबात धरावे.

पुढच्या सगळ्या कामासाठी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. डोळ्यांवर मास्क असावा, हॉपर (गोळ्यांचा डबा) काढलेला असावा, चेंबरमध्ये गोळी राहिलेली नाही याची खात्री करावी आणि मार्कर सुरक्षित दिशेलाच रोखलेला असावा. झाडायचे नसेल तेव्हा बॅरलवर आवरण हवेच. कोणताही भाग उघडण्याआधी टाकी काढून मार्करमध्ये अडकलेली हवा पूर्ण सोडून द्यावी. टाकीवर बसवलेला रेग्युलेटर घरी उघडू नये, आणि टाकी भरण्याच्या निपलमध्ये तेलाचा थेंबही टाकू नये, कारण तिथे हवा एकदम दाबली जाऊन इतकी तापते की पेट्रोलियम तेल पेटून स्फोट होऊ शकतो. यात सवलत नाही.

टाकी खरोखर भरली होती का?

हवा वेगाने भरली की टाकी तापते आणि तापलेल्या हवेचा दाब काट्यावर फुगलेला दिसतो. आतली हवा ६० अंश सेल्सिअस असताना काटा ४५०० दाखवत असेल, तर ती २५ अंशांवर येईपर्यंत तोच काटा ४००० च्या आसपास उतरतो. त्यात गळती कुठेच नसते. भरल्यावर टाकी हाताला कोमट लागत असेल तर ती थंड होऊ द्यावी, मग पुन्हा वर भरून घ्यावी, आणि मुळात झडप हळूहळू उघडून सावकाश भरावी. हवा ज्या मोठ्या सिलिंडरमधून येते त्याचाच दाब ३५०० वर आलेला असेल, तर आपल्या टाकीत त्याहून जास्त भरता येत नाही. तेव्हा भरताना तिथल्या काट्याकडेही नजर टाकावी. टाकीवरचा छोटा काटा फारसा अचूक नसतो, म्हणून सर्व मोजमापे एकाच काट्यावर घ्यावीत.

गळती शोधताना

थंड झालेल्या भरल्या टाकीचा आकडा लिहून ठेवून ती मार्करला न जोडता रात्रभर ठेवावी, आणि दुसऱ्या रात्री ती मार्करला जोडून, मार्कर खेळाच्या वेळी असतो तसा हवेने भरलेला ठेवून, तेच पुन्हा करावे. सकाळचे दोन आकडे शेजारी ठेवले की दोष टाकीत आहे की मार्करमध्ये, हे वाद न घालता कळते. नुसती टाकीच उतरत असेल तर ती जाणकाराकडे द्यावी आणि त्याच वेळी तिच्यावर छापलेली दाबचाचणीची तारीखही तपासून घ्यावी.

मार्कर गळत असेल तर भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी लहान ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावावे; इलेक्ट्रॉनिक मार्करच्या सर्किट बोर्डापासून मात्र ते लांब ठेवावे. सर्वात आधी टाकी जिथे मार्करमध्ये फिरवून बसते तो जोड पाहावा, कारण टाकीच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) उघडी असते आणि दाब असतानाच टाकी काढली की तिचे लचके निघतात. तिथे ०१५ मापाची ओ-रिंग बसते. साध्या रबराऐवजी ९० कडकपणाची युरेथेनची घेतली तर ती पुष्कळ जास्त टिकते. हवेच्या प्लास्टिक नळीतून बुडबुडे येत असतील, तर बहुतेक वेळा नळीचे टोक तिरके कापलेले किंवा ओरखडलेले असते. धारदार पात्याने थोडा भाग काटकोनात कापून नळी पुन्हा आत नीट दाबली की काम होते. मुठीतून फुसफुस ऐकू येत असेल तर सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) किंवा त्याखालच्या गॅस्केटकडे, रेग्युलेटरच्या बारीक छिद्रातून येत असेल तर त्याच्या पिस्टनच्या ओ-रिंगकडे आणि बॅरलमधून येत असेल तर बोल्टच्या ओ-रिंगकडे किंवा पॉपेटच्या कप सीलकडे (व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या चकतीकडे) बोट जाते.

बॅरलमधली गळती सर्वात फसवी असते. माझ्या एका पॉपेट मार्करमध्ये रात्रीत ४०० पीएसआय कमी होत असत आणि सगळ्या सांध्यांवर साबण लावूनही एक बुडबुडा दिसेना. शेवटी हॉपर काढलेल्या मार्करचे फीड नेक, म्हणजे हॉपर बसतो ते तोंड, तळहाताने घट्ट झाकून, बॅरलच्या तोंडावर बाजूने बोट फिरवून साबणाचा पातळ पडदा धरला. तो दोनएक सेकंदांत काचेच्या गोटीसारखा बाहेर फुगला आणि फुटला. पुन्हा धरला, पुन्हा फुगला. हवा सोडून व्हॉल्व्ह उघडला तेव्हा कप सीलच्या पांढऱ्या कडेवर केसाएवढी आडवी रेघ दिसली, आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर वाळलेल्या रंगाचा एक बारीक कण चिकटलेला होता. बैठक मऊ कापडाने पुसून सील बदलले आणि रात्रीची घट थांबली. बैठक सँडपेपरने घासण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तिथला एक ओरखडा नव्या सीललाही टिकू देत नाही.

न दिसणारा आणखी एक दोष रेग्युलेटरच्या आतल्या सीटचा असतो. ती झिजली की मार्कर स्वस्थ असताना पुढचा दाब हळूहळू चढत राहतो. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) २८० फूट प्रतिसेकंद लावलेला मार्कर मिनिटभर थांबून झाडल्यावर पहिली गोळी ३०० ने जाते आणि पुढच्या पुन्हा २८० वर येतात, हे त्याचे खात्रीचे लक्षण.

गोळीमागचा खर्च

इथूनच खरी गंमत सुरू होते. आधी मोजणी करावी: टाकी थंड, काटा २८०० वर, मग १०० गोळ्या सारख्या वेगाने झाडून काटा किती उतरला ते लिहावे. पुढे जो काही बदल कराल तो एका वेळी एकच असावा, आणि प्रत्येक बदलानंतर हीच मोजणी व्हावी.

बिनखर्चाचा पहिला तपास म्हणजे गोळी आणि बॅरलचा मेळ. बॅरल मार्करपासून काढून मागच्या टोकाने गोळी आत ठेवावी. ती आपोआप घरंगळून पुढून बाहेर पडली तर बॅरल मोठे आहे, आणि हलकी फुंकर मारल्यावरच निघाली तर मेळ चांगला आहे. बॅरल ०.६९३ इंचाचे आणि गोळी ०.६८४ इंचाची असेल, तर भोवतीची फट क्षेत्रफळाने बॅरलच्या जेमतेम अडीच टक्के भरते, आणि एवढ्याने काय बिघडणार असे वाटते. पण हवा त्या फटीतून गोळीला मागे टाकून निसटते आणि वेग राखण्यासाठी मार्करला प्रत्येक वेळी जास्त हवा सोडावी लागते. गोळ्या दमट हवेत फुगतात, म्हणून ही चाचणी खेळाच्या दिवशी, त्याच दिवशीच्या गोळ्यांवर करावी. किंचित घट्ट इन्सर्ट (बॅरलच्या आत बसणारी, ठरावीक मापाची नळी) वापरल्यास हवा आणखी वाचते, मात्र ठिसूळ गोळ्या आतच फुटू लागल्या तर एक माप वर जावे. फार लांब बॅरलनेही हवा वाचत नाही, कारण पुढची छिद्रे सुरू झाली की मागचा दाब तिथून निघून जातो.

त्यानंतर बोल्ट. कोरड्या किंवा चिकट ग्रीसने माखलेल्या बोल्टला हलवायलाच हवा जास्त लागते, म्हणून जुने ग्रीस पूर्ण पुसून मार्करच्या पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस पातळ थराने लावावे. पेट्रोलियमयुक्त तेलाने काही ओ-रिंग फुगू शकतात. बोल्टच्या टोकाची ओ-रिंग झिजली असेल तर हवा फीड नेकमधून वर उडते. चेंबर रिकामे असल्याची पुन्हा खात्री करून, टिश्यू कागदाची पट्टी चिमट्याने फीड नेकवर धरून ट्रिगर ओढावा, चेहरा त्यावर आणू नये. पट्टी जोरात उडाली तर ओ-रिंग बदलावी. बॉल डिटेंट (एका वेळी एकच गोळी आत राहू देणारा छोटा अडसर) झिजून दोन गोळ्या एकदम आत जात असतील, तर तोही हवेचाच नाश आहे.

एवढे झाल्यावरच सेटिंगला हात लावावा. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये ड्वेल, म्हणजे सोलेनॉइड उघडा राहण्याचा काळ, मिलिसेकंदांत मोजतात. क्रोनोग्राफवर पाच-पाच गोळ्या झाडत तो अर्ध्या मिलिसेकंदाने कमी करत जावा. वेग एकाएकी पडू लागला किंवा गोळीगणिक डोलू लागला की तिथून एक ते दीड मिलिसेकंद वर येऊन थांबावे. त्याहून खाली ठेवलेला मार्कर थंडीत किंवा जलद माऱ्यात दगा देतो. बाहेरचा रेग्युलेटर असलेल्या यांत्रिक पॉपेटमध्ये हॅमरची स्प्रिंग मध्यम ठेवून दाब कमीपासून वाढवत न्यावा. वेग चढतो, एका ठिकाणी शिखर गाठतो आणि मग दाबानेच व्हॉल्व्ह मिटून धरल्यामुळे उतरू लागतो. ते शिखर किंवा त्याच्या किंचित अलीकडची जागा ही मार्करची सर्वात काटकसरीची जागा. शिखरावरचा वेग आपल्याला पाहिजे त्याहून जास्त असेल तर स्प्रिंग सैल करावी, कमी असेल तर घट्ट, आणि शिखर पुन्हा शोधावे.

शेवटचा वेग मैदानाच्या मर्यादेतच लावावा, आणि ती ३०० असली तरी मी २८० वर थांबतो. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने त्या वीस फुटांसाठी प्रत्येक गोळीला सुमारे १५ टक्के जास्त ऊर्जा द्यावी लागते. वेग पक्का झाला की टाकी पुन्हा २८०० वर आणून त्याच १०० गोळ्यांची मोजणी करावी आणि आकडा पहिल्या आकड्याखाली लिहून ठेवावा.