डिस्पोजलची जीप टोचन करून घरी कशी आणावी

लिलावात घेतलेली लष्कराची गाडी आवारातून बाहेर पडली की पहिला प्रश्न, न्यायची कशी? माझं विचाराल तर ट्रेलरवर टाका. पण अहिल्यानगर किंवा संभाजीनगरहून बीडच्या एखाद्या खेड्यात आणायची म्हटलं की ट्रेलरवाला असं भाडं सांगतो की माणूस दोर शोधायला लागतो. दोर नकोच. लोखंडी दांड्याचं टोचन घ्या. दोराने ओढताना पुढचा थांबला की मागची गाडी त्याच्यावर जाते, ठरलेलंच.

टोचनपेक्षा जास्त लक्ष गाडीच्या पोटाकडे द्या. पहिल्या खेपेला मी गिअर न्यूट्रल केला, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या पेटीच्या, लिव्हरला हातच लावला नाही. पाचोडला चहाला थांबलो, वाकून खाली हात लावला तर गिअरबॉक्स चटका देत होता. झालं असं की इंजिन बंद, म्हणजे गिअरबॉक्समधला खालचा शाफ्ट उभाच. तो फिरला तरच तेल वर उडतं. इकडे मागची चाकं वरचा शाफ्ट फिरवत होती, कोरडाच.

म्हणून न्यूट्रल करायची ती ट्रान्सफर केस. जुन्या महिंद्राला मोठ्या गिअरच्या शेजारी दोन छोटे लिव्हर असतात. एकाने पुढचा एक्सल सोडवा, दुसरा हाय आणि लोच्या मधे आणा. जिप्सीला एकच लिव्हर, तो ‘एन’वर. मग मुख्य गिअर पहिल्यात टाका, क्लच सोडा आणि दोघांनी गाडी ढकलून बघा. सहज सरकली तर न्यूट्रल खरा. अडली तर लिव्हर नीट बसलेला नाही. मुख्य गिअर वाटभर तसाच टाकलेला राहू द्या. पुढच्या चाकांना फ्री व्हील हब (चाक एक्सलपासून सुटं करणारी फिरती टोपी) असतील तर दोन्ही ‘फ्री’वर फिरवा. पुढचा-मागचा एक्सल जोडलेला ठेवून डांबरीवर ओढलं तर टायर घासतात आणि वळणावर सगळा ताण आतल्या दातांवर येतो.

लिव्हरचा भरवसा नसेल, आत तेल किती आहे हे कळत नसेल, तर मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा, सरळ उतरवा. आधी दोन्ही टोकांच्या फ्लॅंजवर (जोडाच्या चकत्यांवर) खडूने खूण करा, नाहीतर परत बसवताना घर चुकतं आणि गाडी थरथरते. नटबोल्ट पिशवीत घालून सीटखाली.

बाकी तपासणी भराभर होते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक ड्रमला चिकटलेले असतात, म्हणून प्रत्येक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. टायरला तडे बघा. बाजूवर शेवटचे चार आकडे ३२१७ असतील तर तो २०१७ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. चाकांचे नट आवळताना जरा जपून, जुन्या जीपला डाव्या बाजूचे आटे बऱ्याचदा उलटे असतात. टोचन बंपरच्या पत्र्याला नाही, चेसीला बोल्ट केलेल्या कड्यांनाच लावायचं. पिनांना खिटी हवीच.

ओढायला मागच्या गाडीपेक्षा जड गाडी घ्या. ट्रॅक्टर असेल तर दोन्ही ब्रेक पॅडल एकत्र जोडून घ्या. मागच्या गाडीत लायसनवाला माणूस बसवा, नियमही तोच सांगतो. स्टिअरिंग लॉक असेल तर किल्ली फिरवून सोडवा. इंजिन बंद असताना ब्रेकला जोर देणारा बूस्टर चालत नाही, ब्रेक दगडासारखा लागतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. मागे पांढऱ्या पाटीवर साडेसात सेंटिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहा. मागचे दिवे वेगळ्या वायरने जोडा, पण लष्करी गाडीत २४ व्होल्ट असू शकतं, आधी बॅटऱ्या बघा. विक्रीचं पत्र आणि गेटपास ओढणाऱ्याच्या खिशात.

वेग ताशी चोवीसच्या आत. समृद्धीचं नावही काढू नका. रात्री निघू नका. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या असतात. पहिल्या पाच किलोमीटरवर थांबून चारही हबना हात लावा. एखादा हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक अडतोय, तिथंच उघडा. धाराशिवकडून येत असाल तर मांजरसुंब्याचा घाट उतरायच्या आधीच खालच्या गिअरवर या. उतारात ब्रेक दाबून धरला की तापून सुटतो.

पंपावर डिझेल घेताना आत जायचं आणि समोरून बाहेर पडायचं असाच पंप निवडा. टोचन लावून मागे घ्यायला गेलात की मागच्या गाडीची पुढची चाकं एकदम आडवी होतात आणि दांडा वाकतो.

घरी पोचल्यावर टोचन सोडायच्या आधी चाकांना दगड लावा. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर लागतो. शाफ्ट तुम्ही उतरवला असेल, तर हँडब्रेक ओढला काय न ओढला काय. गिअरही धरणार नाही. आणि आपल्याकडच्या अंगणांना बहुतेक उतार असतोच, पावसाचं पाणी जायला ठेवलेला.