भरपाईच्या कागदावर घाईने सही करू नका

दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला की काही दिवसांतच समोरच्याच्या विमा कंपनीचा फोन येऊ शकतो. बोलणं गोड असतं, पैसेही लगेच मिळणार असतात. थांबा. त्या कागदात बहुधा ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असं वाक्य असतं. सही झाली की पुढची शस्त्रक्रिया, बुडालेला पगार, सगळं तुमच्याच खिशातून. मानेला बसलेला हिसका किंवा डोक्याचा मार कित्येकदा एक-दोन दिवसांनी जाणवतो. म्हणून ‘मला काही झालं नाही’ असं तिथल्या तिथे कुणालाही सांगू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि अपघात कसा झाला तेही केसपेपरवर लिहून घ्या.

पोलिसांत नोंद, फोटो, साक्षीदारांचे नंबर हे सगळं तर हवंच. पण आधी धावपळ करा ती सीसीटीव्हीसाठी, कारण बहुतेक यंत्रणांमध्ये जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कॅमेरा ज्याचा आहे त्याला ते जपून ठेवण्याची लेखी विनंती द्या, पोच घ्या. स्वतः उठण्याच्या अवस्थेत नसाल तर घरच्या कुणाला तरी पाठवा. दाव्याला मुदत असते. ती वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.