जिल्हा ते तालुका: पॉवर पिव्हटमध्ये उतरंड कशी लावावी

राज्याचा आकडा दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या विभागामुळे? मग कोणता जिल्हा, कोणता तालुका? असं एकेक पायरी उतरत जाता यावं म्हणून डेटा क्यूबमध्ये, म्हणजे ठिकाण, काळ अशा अनेक बाजूंनी पाहता येणाऱ्या आकड्यांच्या साठ्यात, हायरार्की, म्हणजे पातळ्यांची उतरंड लावतात. एक्सेलच्या पॉवर पिव्हटमध्ये, म्हणजे अनेक तक्ते एकमेकांना जोडून त्यांचा सारांश काढायच्या सोयीत, ती लावायला दोन मिनिटं पुरतात. खरी मेहनत त्याआधी, तालुक्यांच्या यादीवर करायची असते. उदाहरणादाखल महाराष्ट्राची पीक-आकडेवारी घेऊ.

आधी आकड्यांपासून वेगळा असा ठिकाणांचा एक तक्ता करा. त्यात तालुका कोड, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य असे रकाने ठेवा. उतरंडीतले सगळे रकाने एकाच तक्त्यात असावे लागतात. प्रत्येक तालुका एकदाच यावा आणि त्याला एकच जिल्हा असावा.

आकड्यांचा तक्ता या तक्त्याला कोडनेच जोडा, नावाने नको. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुणे आणि रत्नागिरीत, मालेगाव नाशिक आणि वाशिममध्ये. नावाने जोडायला गेलात तर दुहेरी नोंदींमुळे पॉवर पिव्हट संबंध जोडू देत नाही. अशा वेळी ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ वापरून एक कर्जत उडवायचा मोह होतो. तसं केलं की रायगडचं भात अहिल्यानगरच्या खात्यावर पडतं आणि एकूण बेरीज बरोबर असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक तालुक्याला कोड आहे, तोच वापरा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तरी कोडवर जोडलेल्या तक्त्यात फक्त नाव बदलावं लागतं.

आता अपवाद. मुंबई शहर जिल्ह्यात तालुकेच नाहीत. तो रकाना रिकामा सोडलात तर उतरंडीत ‘ब्लँक’ अशी ओळ येते. तिथे जिल्ह्याचंच नाव पुन्हा लिहा आणि त्या ओळीला स्वतःचा कोड द्या.

पालघरचा प्रश्न याहून महत्त्वाचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून हा जिल्हा वेगळा झाला. डहाणू, जव्हार, वसईचे २०१२ चे आकडे कुठे दाखवायचे? आजच्या नकाशावर कल पाहायचा असेल तर पालघरमध्ये, जुन्या छापील अहवालाशी ताळा करायचा असेल तर ठाण्यात. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. म्हणून ‘आजचा जिल्हा’ आणि ‘२०१४ पूर्वीचा जिल्हा’ असे दोन रकाने ठेवून दोन उतरंडी करा.

यादी तयार झाली की पॉवर पिव्हटच्या ‘डायग्राम व्ह्यू’मध्ये जा. कंट्रोल दाबून राज्य, विभाग, जिल्हा, तालुका हे रकाने निवडा, राइट क्लिक करून ‘क्रिएट हायरार्की’ म्हणा आणि क्रम वरून खाली बरोबर लागलाय का ते पाहा. मग सुटे रकाने ‘हाइड फ्रॉम क्लायंट टूल्स’ने लपवा. नुसता तालुका कुणी पिव्हटमध्ये, म्हणजे सारांशाच्या तक्त्यात, ओढला तर दोन्ही कर्जत एकाच ओळीत मिसळतात.

उतरंड लागली तरी प्रत्येक पातळीवर आकडा खरा निघेलच असं नाही. क्षेत्र आणि उत्पादन यांची बेरीज चालते, हेक्टरी उत्पादनाची सरासरी चालत नाही. समजा एका तालुक्यात १०० हेक्टरवर १,००० क्विंटल सोयाबीन झालं, म्हणजे हेक्टरी १०. शेजारच्या तालुक्यात ९०० हेक्टरवर १८,००० क्विंटल, म्हणजे हेक्टरी २०. दोन्हींची सरासरी १५ येते. पण एकूण १९,००० क्विंटल १,००० हेक्टरवर झालेत, म्हणजे खरा आकडा १९. त्यामुळे हेक्टरी उत्पादनाचा तयार रकाना आणूच नका. उत्पादनाची बेरीज भागिले क्षेत्राची बेरीज, असं मेजर, म्हणजे हिशोबाचं सूत्र, लिहा. ते प्रत्येक पातळीवर नव्याने मोजलं जातं.

तारखांची उतरंडही अशीच लागते: आर्थिक वर्ष, तिमाही, महिना. एप्रिलला १ धरून महिन्यांना क्रमांक द्या आणि ‘सॉर्ट बाय कॉलम’ने त्या क्रमाने लावा. आठवडा मात्र यात घालू नका. तो दोन महिन्यांत विभागला जाऊ शकतो, त्याची उतरंड वेगळी ठेवा.

अहवाल पुढे पाठवण्याआधी पिव्हटमध्ये ‘ब्लँक’ ओळ कुठे उरली आहे का ते शोधा. ती दिसली तर आकड्यांतला एखादा कोड बहुधा यादीत नाही. त्यानंतर दोन्ही कर्जतांचे आकडे मूळ तक्त्याशी हाताने ताडून पाहा.